बारामासा

बारामासा : उत्तर व पूर्व भारतातील विरहगीतांचा एक प्रकार. पती परदेशी गेलेली स्त्री वर्षाचे महिने एकेक करून घेते आणि त्या त्या महिन्यातील हवा, सण व घरकाम यांच्या अनुषंगाने आपले दुःख सांगते. अवधी, भोजपुरी, मैथिली, ब्रज, राजस्थानी, पंजाबी या भाषांत आणि बंगालीत (बारोमासी) तो आढळतो. पावसाळ्याच्या चारच महिन्यांचे गीत असल्यास त्यास ‘चौमासा’ म्हणतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचे मूळ संस्कृत ऋतुवर्णनात शोधतात. मात्र कालिदासाच्या ऋतुसंहारात सहा ऋतू असून त्यात मीलनाचाच रंग अधिक आहे. फ्रेंच विदुषी शार्लोत व्होदव्हील यांनी मूळ म्हणून लोकगीतांतील चौमाशावर भर दिला. अर्थाच्या दृष्टीने हे मत अधिक पटते. पावसात वाटा बंद होत. त्यामुळे व्यापारी, शिपाई वा वाटसरू आषाढापूर्वी घरी येणे अपेक्षित असे. तोवर जो आला नाही, तो शरदापर्यंत येणार नाही, हे गाणारीला ठाऊक असते. पहिल्या मेघगर्जनेने ती हादरते ती यामुळे.

सूफी कवी जायसीच्या पद्मावत या अवधी काव्यातील राणी नागमतीचा बारामासा आषाढातच सुरू होतो. पुष्य नक्षत्र डोक्यावर आले, नाथावाचून माझे घर कोण शाकारील, असे ती विचारते. चितोडच्या राणीला छपराची चिंता पडावी, यातच हे गीत कुठून आले ते दिसते. पद्मावताचा आरंभकाल काही हस्तलिखितांत हिजरी ९२७, तर काहींत ९४७ (इ. स. १५४०) असा मिळतो, काव्यात १५४० च्या सुमारास सत्तेवर आलेल्या शेरशाहाची स्तुती असल्याने दुसरा पाठ ग्राह्य वाटतो. जैन परंपरेतील विनयचंद्रसूरीची नेमिनाथ चतुष्पदिका याहून जुनी असून ती साधारणतः तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात वा चौदाव्याच्या आरंभी रचली गेली असावी. तीत तीर्थंकर नेमिनाथांची वाग्दत्त वधू राजीमती हिचा विरह श्रावणापासून येतो.

मराठी वाचकाने महिने लावताना एक काळजी घ्यावी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. शुक्ल पक्ष दोन्हीकडे एकाच महिन्याचा. कृष्ण पक्षात मात्र उत्तरेचा महिना एकाने पुढे असतो. म्हणजे तिकडचा ‘सावन’ आपल्या आषाढ वद्य प्रतिपदेलाच लागतो. हे ध्यानात न घेतल्यास गीतातील पाऊस पंधरा दिवस उशिरा आल्यासारखा वाटतो.

शीख परंपरेत गुरू नानक (राग तुखारी) व गुरू अर्जनदेव (राग माझ) यांच्या ‘बारह माहा’ रचना चैत्रापासून सुरू होतात. तेथे पती म्हणजे परमेश्वर. बंगालीत मुकुंदराम कवीच्या चंडीमंगल काव्यातील व्याधाची बायको फुल्लरा बारा महिन्यांचे दारिद्र्य सांगते. येथे विरह नाही, तिचा नवरा घरीच असतो.