ग्रुप थेरपीतले सबग्रुप म्हणजे गटबाजीच ना? नाही हो

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीच्या जनरल बॉडीला जाऊन बसा, पार्किंगचा विषय निघाला की लगेच दोन गट. त्यामुळे सिस्टिम्स थिअरी मानणारे, म्हणजे ग्रुपकडे सुट्या माणसांऐवजी एक सलग व्यवस्था म्हणून बघणारे थेरपिस्ट थेरपीच्या ग्रुपमध्ये मुद्दाम सबग्रुप करायला लावतात म्हटलं की ठाण्यातली मंडळी हसतात, म्हणजे फी भरून भांडायचं का!

तर सोसायटीतला गट पडतो ओळखीवरून, म्हणजे कोणती विंग, मालक की भाडेकरू वगैरे, आणि एकदा पडला की वर्षानुवर्षं तसाच. फिलाडेल्फियाच्या थेरपिस्ट इव्हॉन अगाझेरियन यांनी मांडलेला फंक्शनल सबग्रुप पडतो आत्ता काय वाटतंय यावरून, आणि थोड्या वेळाने विरघळतो. त्यांचं म्हणणं असं की कुठलीही जिवंत सिस्टिम (एक माणूस असो की अख्खा ग्रुप) टिकते आणि बदलते ती फरक ओळखून, ते सामावून घेऊन, पण जास्त वेगळं काही समोर आलं की आपण त्या माणसाला एकतर सुधारायला जातो नाहीतर बळीचा बकरा करतो.

समजा ग्रुपमध्ये एकजण म्हणाला, मला थेरपिस्टचा राग येतोय. एरवी लगेच कुणीतरी "अहो पण मॅडम किती चांगल्या आहेत" म्हणणार, बाकीचे का का विचारणार, आणि तासाभरात तो ग्रुपचा रागीट माणूस ठरणार. इथे तो स्वतःच विचारतो, "अजून कुणाला?" मग ज्यांना राग आलाय ते दोघंतिघं आधी एकमेकांशी बोलतात, ज्यांना नाही आला ते थांबतात (हे थांबणंच सगळ्यात कठीण, आपल्याकडे तर "हो, पण" तोंडातून आधी निघतं), मग त्यांची पाळी. गंमत म्हणजे रागवाल्यांतच हळूहळू फरक दिसायला लागतो, एकाच्या रागाखाली दुखावलेपण असतं तर दुसऱ्याला चक्क मजा येत असते, आणि आपल्यासारख्याच माणसातला छोटा फरक पचतो. तिकडे शांत बसलेल्यांतही कुणाला तरी थोडी चीड सापडते. म्हणजे राग एकट्याचा न राहता ग्रुपचा होतो.

खरी गटबाजी थेरपीतही होतेच. सेशननंतर दोघं ठाण्याहून वाशी लोकल पकडतात आणि ऐरोली येईपर्यंत तिसऱ्याबद्दल बोलतात, ही ग्रुपच्या सीमेबाहेर गेलेली माहिती, म्हणून थेरपिस्ट सांगतात की जे बोललात ते पुढच्या वेळी सगळ्यांसमोर आणा.