नखावरची काळी रेघ वाचताना

नखावर दिसणारी काळी उभी रेघ नखाच्या पत्र्यात, म्हणजे वरच्या कडक भागात, तयार होत नाही. तिचा उगम क्युटिकलच्या (नखाच्या बुडाशी असलेल्या कातडीच्या पातळ कडेच्या) मागे, कातडीखाली दडलेल्या मॅट्रिक्समध्ये असतो. नख घडतं ते तिथेच. बुडाशी दिसणारी पांढरट चंद्रकोर हा या मॅट्रिक्सचा बाहेर डोकावणारा भाग. मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी तिथे बहुधा सुस्त पडून असतात. त्या जाग्या झाल्या किंवा संख्येने वाढल्या, की पुढे सरकणाऱ्या नखात रंग भरत जातो आणि ईसीजीच्या कागदावर पेन टेकावं तशी रेघ उमटते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिमी वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहूनही कमी. म्हणून रेघेचं टोक काही महिन्यांपूर्वीचं असतं आणि बूड आजचं. रेघ टोकापेक्षा बुडाशी रुंद असेल, तर मुळातला रंगाचा पुंजका पसरतो आहे.

पण आधी तो रंग मेलॅनिनचाच आहे ना, हे ठरवायला हवं. मेंदीचा डाग सहज ओळखू येतो: त्याची मागची कड क्युटिकलच्या वळणाला समांतर असते आणि नख वाढलं की तिच्यामागे कोरं नख दिसू लागतं. बुरशी बहुधा नखाच्या मोकळ्या कडेतून आत शिरते, त्यामुळे तिचा पट्टा टोकाशी रुंद आणि मुळाकडे निमुळता असतो. नखाखाली साकळलेलं रक्त डर्मोस्कोपमधून (त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगातून) लालसर-जांभळ्या ठिपक्यांसारखं दिसतं आणि नखाबरोबर पुढे सरकतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढावा आणि महिन्याभराने पुन्हा काढावा. हाताच्या बोटावर डाग आणि क्युटिकल यांच्यात सुमारे ३ मिमी स्वच्छ पट्टी दिसायला हवी. मात्र रक्त आहे म्हणजे मेलॅनोमा, अर्थात मेलॅनोसाइट पेशींचा कर्करोग, नाही असं म्हणता येत नाही. गाठीतूनही रक्त येतं.

सावळ्या माणसांच्या अनेक नखांवर फिकट-गडद रेघा असणं अगदी सामान्य आहे. हायड्रॉक्सियुरिया आणि झिडोव्ह्युडिन ही औषधं, केमोथेरपीची काही औषधं, बी-१२ ची कमतरता यांमुळेही रेघा येतात आणि त्याही बहुधा एकाहून अधिक नखांवर. लहान मुलांमध्ये एकच, रुंद आणि गडद पट्टा असला तरी तो बहुतेक वेळा निरुपद्रवी तीळ ठरतो. तिथे घाईने सुरी उचलण्यापेक्षा दर काही महिन्यांनी फोटो काढून लक्ष ठेवणं शहाणपणाचं.

प्रौढ माणसाच्या एकाच नखावर नव्याने आलेली रेघ मात्र वेगळी. त्यातही अंगठा किंवा पायाचा अंगठा, ३ मिमीहून जास्त रुंदी, पुसट कडा, काही महिन्यांत झालेला बदल यांतलं काही असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ गाठावा. ३ मिमीच्या आकड्याचं फार स्तोम माजतं. २ मिमीची पण सतत बदलणारी रेघ जास्त संशयास्पद. रंग नखाबाहेर कातडीवर उतरला, तर त्याला हचिन्सनचं चिन्ह म्हणतात. जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ मध्ये नखाच्या मेलॅनोमाचं वर्णन नखुरड्याच्या रूपात केलं होतं. पण पारदर्शक क्युटिकलमधून खालची रेघ नुसती दिसत असेल, तर ते चिन्ह खोटं. शिवाय काही मेलॅनोमांना रंगच नसतो. बरं न होणारं, ओलसर, लालसर मांस बुरशी किंवा रुतलेलं नख समजून महिनोन् महिने मलमांवर काढलं जातं.

डर्मोस्कोपने पाहताना नखावर जेल लावतात, म्हणजे चकाकी जाते. राखाडी पार्श्वभूमीवर बारीक, एकसारख्या रेषा असल्या तर पेशी फक्त जाग्या झाल्या असण्याची शक्यता जास्त. तपकिरी पार्श्वभूमीवर रंग, जाडी आणि अंतर बदलणाऱ्या, समांतरपणा सोडलेल्या रेषा असल्या तर बायोप्सी, म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणी. नखाची मोकळी कड समोरून पाहणं बरेचदा राहून जातं, खरं तर ते फार उपयोगाचं. रंग पत्र्याच्या खालच्या थरात असेल तर उगम मॅट्रिक्सच्या पुढच्या भागात, वरच्या थरात असेल तर मागच्या भागात. मागच्या भागातून तुकडा घेतल्यास नखावर कायमची भेग राहण्याचा धोका जास्त, आणि हे रुग्णाला आधीच सांगायला हवं.

बायोप्सीतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे रेघ जिथे दिसते तिथून, नखाखालच्या गादीतून तुकडा घेणं. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि आजार मुळाशी तसाच राहतो. योग्य पद्धतीत लिग्नोकेनने बोट बधिर करून बुडाशी टूर्निके (रक्तप्रवाह तात्पुरता थांबवणारा पट्टा) बांधतात. क्युटिकलच्या दोन्ही कोपऱ्यांत तिरके छेद देऊन कातडीची घडी मागे उलटतात, नखाचा पत्रा थोडा उचलतात आणि उगम डोळ्यांनी पाहतात. मग १ मिमीहून पातळ आडवा काप काढतात. फारच अरुंद रेघेला ३ मिमीचा पंच (गोल तुकडा कापणारं हत्यार) पुरतो. पातळ काप फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रावणात) गुंडाळला जातो, म्हणून तो आधी कागदावर सपाट पसरवायचा. शेवटी टूर्निके आठवणीने काढायचं. राहून गेलं तर बोटाचा रक्तपुरवठा तुटतो.

तपासणीत मेलॅनोमा वरच्या थरापुरताच निघाला, तर नखाचा सगळा भाग हाडापर्यंत काढून तिथे त्वचारोपण करतात. नख जातं, बोट राहतं. खोल गेलेल्या गाठीत मात्र पेराचा काही भाग कापावा लागू शकतो.