मसल टेस्टिंग (अप्लाइड काइनेसिऑलॉजी)

हात दाबून बघायचा आणि त्यावरून कशाची अॅलर्जी आहे, कुठलं व्हिटॅमिन कमी पडतंय, कुठलं औषध लागू पडेल हे सांगायचं, अशी ही पर्यायी उपचारांमधली निदानाची पद्धत आहे. पेशंट एक हात खांद्याच्या रेषेत ताठ धरतो, दुसऱ्या हातात किंवा जिभेवर गहू, साखर, गोळी असं काहीतरी ठेवतात, तपासणारा मनगटाजवळ खाली दाबतो, हात टिकला तर ती वस्तू चालते आणि खाली गेला तर चालत नाही, असा अर्थ लावला जातो. निदानासाठी ही पद्धत भरवशाची नाही.

सुरुवात अमेरिकेतल्या डेट्रॉइटची. जॉर्ज गुडहार्ट नावाच्या कायरोप्रॅक्टरकडे (मणके आणि सांधे हाताने दाबून उपचार करणारा) 1964 मध्ये एक तरुण आला, त्याचं खांद्याचं पातं पाठीतून बाहेर आलेलं होतं, गुडहार्टनी बरगड्यांवरच्या दुखऱ्या जागा चोळल्या आणि स्नायूची ताकद परत आली असं ते सांगायचे. पुढे त्यांनी एकेक स्नायू एकेका अवयवाशी आणि चिनी वैद्यकातल्या मेरिडियनशी (शरीरातून ऊर्जा वाहते असं मानलेल्या मार्गाशी) जोडला, म्हणजे अमुक स्नायू ढिला तर तमुक अवयवात बिघाड. या जोडणीला शरीरशास्त्रात आधार सापडत नाही, आणि खरी अडचण इथूनच सुरू होते.

फिजिओथेरपिस्ट किंवा न्यूरॉलॉजिस्ट करतात ती स्नायूंची तपासणी वेगळी, तिच्याशी याची गल्लत करू नये. पोलिओच्या काळात बॉस्टनमध्ये हाडांचे डॉक्टर रॉबर्ट लोव्हेट यांच्याकडे ती आकाराला आली, आज त्यात ताकदीला 0 ते 5 असे ग्रेड देतात, आणि ती फक्त तो स्नायू आणि त्याची नस यांच्याबद्दल सांगते, लिव्हरबद्दल किंवा गव्हाबद्दल नाही.

भरवसा तपासताना दोन प्रश्न येतात, दोन तपासणारे एकच उत्तर देतात का, आणि ते उत्तर बरोबर असतं का. 1988 मध्ये अमेरिकेत छापून आलेल्या एका अभ्यासात तीन अनुभवी तपासणाऱ्यांनी 11 जणांमध्ये थायमिन, झिंक, व्हिटॅमिन ए आणि सी कमी आहे का ते बघितलं. तिघांचं आपसात जमलं नाही, लॅबच्या रिपोर्टशी जमलं नाही, आणि स्नायूची ताकद मशीनने मोजली तर तिच्याशीही जमलं नाही. 2001 मध्ये गांधीलमाशीच्या विषाची अॅलर्जी ओळखायला लावली तेव्हाही निकाल अंदाजपंचे सांगण्यापेक्षा बरा आला नाही. मानसशास्त्रज्ञ रे हायमन यांनी कायरोप्रॅक्टरांबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजची अशीच चाचणी घेतली होती, जिभेवर काय आहे हे सगळ्यांना माहीत असताना साखर ओळखू यायची, पेशंट आणि तपासणारा दोघांपासून लपवल्यावर नाही.

मग हात खरंच खाली जातो तो कसा? पेशंट नाटक करत नसतो आणि तपासणारेही बऱ्याचदा प्रामाणिक असतात. अपेक्षेमुळे आपल्या नकळत स्नायू हलतात, याला विल्यम कार्पेंटर यांनी 1852 मध्येच आयडिओमोटर क्रिया म्हटलं होतं. त्यात दाबायचा कोन थोडा बदलला, जोर किंचित वाढला, पेशंट तयार व्हायच्या आधीच दाबलं, तरी निकाल फिरतो. आणि आपलाच हात पडलेला आपण अनुभवतो त्यामुळे विश्वास पटकन बसतो, कुणाला भोळं म्हणायचं कारण नाही.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत तर आई बाळाला हात लावून बसते आणि आईचाच हात दाबून बाळाची अॅलर्जी सांगतात, ही प्रथा सगळ्यात काळजीची वाटते, कारण अशा निकालावर वाढत्या वयातल्या पोराचं दूध, अंडी, गहू बंद केलं तर त्याच्या पोषणावर परिणाम होतो, आणि उलट खरी शेंगदाण्याची अॅलर्जी 'नाही' म्हणून सुटली तर जिवावर बेततं.

उपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने 2011 मध्ये मुलांच्या फूड अॅलर्जीसाठी ही टेस्ट वापरू नका असं स्पष्ट लिहिलं, ऑस्ट्रेलियात 1 एप्रिल 2019 पासून खाजगी आरोग्य विम्यातून काइनेसिऑलॉजी वगळली गेली. अॅलर्जीची शंका असेल तर आधी त्रासाचा नीट इतिहास घेतात, मग स्किन प्रिक टेस्ट (त्वचेवर तो पदार्थ लावून बारीक टोचून बघणं) किंवा रक्तातली स्पेसिफिक आयजीई (त्या पदार्थाविरुद्धची अॅलर्जीची अँटिबॉडी), आणि गरज पडली तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खायला देऊन बघतात. दूध पचत नाही अशी शंका असेल तर त्याला श्वासातला हायड्रोजन मोजणारी हायड्रोजन ब्रेथ टेस्ट आहे.