लाहू : दर पिढीत नवा तारणहार

थायलंडमध्ये चियांग राय किंवा चियांग माईच्या सहलीत डोंगरी जमातींचं एखादं गाव दाखवतात. तिथे विणलेल्या पिशव्या विकत घेताना समोरची बाई आखा आहे, लिसू आहे की लाहू, हे फारसं कुणी विचारत नाही. थाई माणूस लाहूंना 'मूसो' म्हणतो, म्हणजे शिकारी. चिनी कागदपत्रांत ते अनेक शतकं 'लुओहेइ' होते. स्वतःला मात्र ते लाहूच म्हणवतात. काळे लाहू, तांबडे लाहू, पिवळे लाहू आणि शेहलेह अशा त्यांच्या शाखा आहेत. सर्वांत मोठी वस्ती चीनच्या युन्नान प्रांतात, 2020 च्या जनगणनेत पाच लाखांच्या जरा आत. त्याखालोखाल म्यानमारचं शान राज्य, विशेषतः केंगतुंगचा परिसर. थायलंडमध्ये लाखाच्या आसपास, लाओस आणि व्हिएतनाममध्ये आणखी थोडे.

पाच देशांत विखुरलेल्या या लोकांचं स्वतःचं राज्य कधी नव्हतं. त्यांच्या इतिहासात राजघराणी शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. भेटतात ते बाहेरून आलेले किंवा आतूनच उठलेले तारणहार: भिक्खू, पाद्री, देवमाणूस, गुप्तहेर आणि शेवटी सरकारी योजना. प्रत्येकाने काहीतरी देऊ केलं आणि प्रत्येकाला पुरेशी गर्दी मिळाली.

ती का मिळाली, याची मुळं त्यांच्या पुराणकथेत आहेत. लाहूंचा सर्वोच्च देव ग्वी-शा. त्याने आकाश आणि पृथ्वी घडवली, मग एक भोपळा लावला आणि त्या भोपळ्यातून चा-ती आणि ना-ती हे पहिले स्त्री-पुरुष बाहेर आले. 'मुपामिपा' या दीर्घ महाकाव्यात ही कथा गायली जाते. गायला बसलं की रात्र सरते. 2006 मध्ये चीनने आपल्या अमूर्त वारशाची पहिली राष्ट्रीय यादी काढली, तिच्यात हे काव्य आहे. भोपळ्यातून माणूस आला म्हणून भोपळा पवित्र, आणि त्यांचं मुख्य वाद्यही भोपळ्याचंच. सुकवलेल्या भोपळ्यात बांबूच्या पाच नळ्या बसवलेलं हे 'नॉ' तोंडाने फुंकून वाजवतात आणि गावकरी रिंगण धरून नाचतात. वारल्यांचा तारपा पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तिथेही दुध्या भोपळा, बांबू आणि रिंगण. दोन्ही समाजांचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरीही साम्य थक्क करणारं आहे.

ग्वी-शाने सगळ्या लोकांना बोलावून अक्षरं वाटली, अशीही एक कथा आहे. इतरांना ती टिकाऊ वस्तूंवर मिळाली, लाहूंना भाताच्या पोळ्यांवर. घरी परतताना वाटेत भूक लागली आणि लाहूंनी पोळ्या खाऊन टाकल्या. तेव्हापासून ज्ञान पोटात आहे, हातात नाही. कथा विनोदी आहे, पण तिच्यात एक उघडं दार आहे. हरवलेलं ते लिखाण कुणीतरी, कधीतरी परत आणून देईल! पुढच्या दोनशे वर्षांत बरेच जण या दारातून आत आले.

पहिले आले ते भिक्खू. 1726 पासून युन्नानचा सुभेदार ओरताय याने स्थानिक सरदारांना हटवून तिथे चिंग दरबाराचे, म्हणजे तेव्हाच्या चिनी राजघराण्याचे, अधिकारी बसवायला सुरुवात केली. त्यांच्यामागून हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, स्थलांतरित, खाणी, मिठावरचे कर आणि जमिनीची मोजणी आली. डोंगरातले लोक आणखी दक्षिणेला सरकत गेले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युन्नानमधल्याच दाली भागातले महायान भिक्खू लाहूंमध्ये राहायला आले आणि त्यांनी ग्वी-शा आणि बुद्ध यांना एकाच जागी बसवलं. गावोगाव देवळं उभी राहिली. बघता बघता ही देवळंच कारभार पाहू लागली: कर गोळा करणं, तंटे मिटवणं, वेळ आली तर भाले उचलणं. 'पाच बुद्धक्षेत्रं' म्हणून ओळखलं गेलेलं हे जाळं म्हणजे लाहू राज्याच्या सर्वांत जवळ गेलेली गोष्ट. धर्म आणि बंड यांत फरक राहिला नाही, त्यामुळे चिंग सैन्यानेही फरक केला नाही. उठाव झाले, मोडले, पुन्हा झाले. अखेर 1880 च्या दशकात दरबाराने तिथे आपलं थेट प्रशासन बसवलं. पराभूत गावं सीमा ओलांडून शान टेकड्यांत उतरली, आणि नेमकं त्याच सुमारास ब्रिटिश तिथे पोहोचत होते.

ब्रिटिशांच्या पाठोपाठ अमेरिकन बाप्टिस्ट मिशनरी विल्यम यंग 1901 मध्ये केंगतुंगला आला. त्याचा डोळा शान लोकांवर होता, पण ते मुरलेले बौद्ध, त्यांनी दाद दिली नाही. बाजाराला उतरलेल्या लाहूंनी मात्र त्याच्या हातातलं पुस्तक पाहिलं. गोरा माणूस हरवलेलं लिखाण घेऊन आला आहे, ही बातमी डोंगरांत पसरली आणि 1904 पासून गावंच्या गावं बाप्तिस्मा घेऊ लागली. मिशनच्या अहवालांत हजारोंचे आकडे येऊ लागले तेव्हा खुद्द बाप्टिस्ट वरिष्ठांनाही शंका वाटू लागली की एवढे लोक खरोखर ख्रिस्ती होताहेत का. शंका रास्त होती. लाहूंच्या दृष्टीने ते धर्म बदलत नव्हते, आपलंच देणं वसूल करत होते. ख्रिस्ती लाहू आजही देवाला ग्वी-शाच म्हणतात. मिशनने रोमन लिपी बसवली आणि यंगच्या मुलांनी काम युन्नानपर्यंत नेलं. पुढे कॅथलिकांनी आपली वेगळी लिपी केली आणि चीनने 1950 च्या दशकात बाप्टिस्ट लिपी सुधारून आपली. म्हणजे पोळ्या खाऊन बसलेल्या लोकांना शेवटी एकाऐवजी तीन लिप्या मिळाल्या.

या सगळ्या उलथापालथीखाली लाहूंच्या घराची रचना फारशी हलली नाही, आणि मला त्यांच्या संस्कृतीतली सर्वांत लक्षणीय गोष्ट तीच वाटते. युन्नानमधल्या लाहू गावांत मानवशास्त्रज्ञ शानशान दू यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. त्यांच्या नोंदींनुसार कुटुंबप्रमुख हा एक माणूस नसतो, नवरा-बायको मिळून प्रमुख असतात. पूर्वी गावाचं प्रमुखपदही जोडप्याकडे असायचं. ग्वी-शाकडेही जोडदेव म्हणूनच पाहिलं जातं. चॉपस्टिक जोडीनेच चालतात, अशी तिथली म्हण आहे. लग्नानंतर नवरा आधी काही वर्षं सासुरवाडीत राहून राबतो, मग जोडपं नवऱ्याच्या आईवडिलांकडे जातं, आणि पुढे स्वतंत्र घर मांडतं. नातं आईकडून आणि बापाकडून सारखंच मोजतात, त्यामुळे कुळाचं नाव चालवायला मुलगाच हवा, हा हट्ट उरत नाही. हे चित्र सगळ्या शाखांना सारखंच लागू होत नाही, आणि समतेचं नंदनवन म्हणून ते रंगवण्याचीही गरज नाही: या व्यवस्थेत अविवाहित माणसाला प्रतिष्ठा जवळजवळ नसते. तरीही शेजारच्या हान समाजाच्या पितृसत्तेच्या सावलीत हे टिकलं, हे विशेष.

शेती फिरती. जंगल तोडायचं, जाळायचं, दोन-चार वर्षं भात-मका घ्यायचा आणि पुढे सरकायचं. कोकणात तिला कुमरी म्हणत, आणि इंग्रजांनी तिच्यावर जसे निर्बंध घातले तसेच पुढे थाई वनखात्यानेही घातले. एकोणिसाव्या शतकात या शेतात अफू आली. तिची एक दोरी आपल्यापर्यंत पोहोचते: माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात होती, आणि बाहेरच्या मालावर पैसा का घालवा म्हणून चीनमध्येच लागवड वाढली, त्यात युन्नान आघाडीवर. डोंगर चढायला-उतरायला जड नाही आणि पैसा रोख, असं दुसरं पीक लाहूंकडे नव्हतं.

1949 नंतर चीनमधून हरून पळालेलं राष्ट्रवादी सैन्य शान राज्यात घुसलं आणि अफूच्या तांड्यांना बंदुकीचं संरक्षण मिळालं. याच काळात विल्यम यंगचा नातू बिल यंग सीआयएत होता. लाहू भाषा त्याला लहानपणापासून येत होती आणि आजोबांची पुण्याई पाठीशी होती. लाओसमधल्या तळांवरून लाहूंची पथकं टेहळणीसाठी युन्नानमध्ये पाठवली गेली. पाद्र्याने उघडलेल्या वाटेने गुप्तहेर गेला, आणि त्याची किंमत लाहूंनी मोजली. 1975 मध्ये लाओस कम्युनिस्टांकडे गेल्यावर अनेकांना निर्वासित व्हावं लागलं. काही कुटुंबं थेट कॅलिफोर्नियातल्या व्हिसेलिया गावात जाऊन वसली. म्यानमारमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पु चाँग लोन या वृद्ध देवमाणसामागे लाहू सरकारविरुद्ध उठले. अंगावर गोळी चालत नाही अशी त्याची ख्याती होती. बंड मोडलं.

चीनची वाट वेगळी. 1953 मध्ये युन्नानमधली लान्त्सांग ही लाहूंची स्वायत्त काउंटी (तालुक्यासारखा विभाग) झाली. 1987 मध्ये कुत्सोंग या डोंगरी गटालाही 'लाहू' या अधिकृत सदरात घालण्यात आलं, सगळ्यांच्याच मनाविरुद्ध नसेल, पण सगळ्यांना विचारून झालं असंही नाही. आज लान्त्सांगमध्ये भोपळ्याचा सण सरकारी थाटात होतो. लाओदाबाओ गावात बायका-पुरुष गिटार घेऊन पर्यटकांसमोर गातात. त्याच काउंटीतल्या जिंगमाय डोंगरावरची जुनी चहाची जंगलं सप्टेंबर 2023 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, शांतिनिकेतन गेलं त्याच बैठकीत. मान मुख्यतः तिथल्या ब्लांग आणि ताय लोकांचा, पण काउंटीला लाहूंचं नाव असल्याने थोडा उजेड त्यांच्यावरही पडतो.

थायलंडमध्ये 1959 पासून अफूबंदी लागू झाली. 1969 मध्ये राजा भूमिबोल यांच्या प्रकल्पाने आंगखांगच्या डोंगरावर पीच, प्लम आणि स्ट्रॉबेरी आणली. लाहू गावांत पैसा आला, रस्ते आले. नागरिकत्वाचे कागद मात्र रेंगाळले, आणि कागद नसलेल्याला जिल्ह्याबाहेर जायलाही परवानगी लागायची. 2003 च्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत देशभरात दोन हजारांहून अधिक माणसं मारली गेली. डोंगरी गावं तेव्हा आधीच संशयित ठरलेली होती. 17 मार्च 2017 रोजी चियांग दाओजवळच्या तपासणी नाक्यावर सैनिकांनी चायफूम पासाए या सतरा वर्षांच्या लाहू कार्यकर्त्याला गोळी घालून ठार केलं. कागद नसलेल्या मुलांच्या हक्कांसाठी तो काम करत होता आणि स्वतः त्याच्याकडेही नागरिकत्व नव्हतं. त्याच्याकडे अमली गोळ्या आणि हातबॉम्ब होता, असं लष्कराचं म्हणणं. नाक्यावर सीसीटीव्ही कॅमेरे होते. त्यांचं चित्रण कुटुंबाने आणि वकिलांनी वारंवार मागूनही लोकांसमोर आलं नाही.