पार्श्वभूमी : आग्वादचा तुरुंग ‘बंद’ झाला म्हणजे काय झाले?

गोव्यात मांडवी नदीच्या मुखावरचा आग्वाद किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ मध्ये उभारला. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या काळात किल्ल्याच्या पायथ्याशी, समुद्राला लागून असलेल्या तुरुंगात गोवामुक्तीसाठी लढणारे कोंडले गेले. मुक्तीनंतर तेच गोव्याचे मध्यवर्ती कारागृह झाले. २०१५ मध्ये कैदी कोलवाळच्या नव्या कारागृहात नेले गेले आणि आग्वाद ‘बंद’ झाले.

या एका शब्दात बराच घोळ आहे. १८९४ च्या कारागृह अधिनियमानुसार तुरुंग म्हणजे राज्य सरकारच्या आदेशाने कैदी ठेवण्यासाठी कायमची किंवा तात्पुरती वापरलेली जागा. म्हणजे तुरुंग आदेशाने होतो. कैदी एका तुरुंगातून दुसऱ्यात हलवण्याचा अधिकार १९०० च्या कैदी अधिनियमाने दिला. पण तुरुंग बंद करताना सरकारने काय काय करावे, याचे वेगळे कलम १८९४ च्या कायद्यात नाही. त्यामुळे कैदी हलवले की जबाबदारी संपली, असे धरले जाते. ते मला मुळीच पटत नाही. कच्च्या कैद्याची कोर्टाची तारीख चुकता कामा नये, त्याचे वॉरंट, म्हणजे त्याला कोठडीत ठेवण्याचा कोर्टाचा आदेश, त्याच्यासोबतच पोचले पाहिजे आणि मुलाखतीला येणाऱ्या आईला मुलगा कुठे नेला ते आधी कळले पाहिजे. हे सगळे ‘बंद’ करण्यातच येते.

तेलंगणातल्या वरंगळमध्ये २०२१ साली हे ठळकपणे दिसले. निजामाच्या काळातला तिथला मध्यवर्ती तुरुंग रुग्णालयासाठी पाडला गेला, तेव्हा पर्यायी तुरुंग उभा नव्हता. नऊशेहून अधिक कैदी वेगवेगळ्या तुरुंगांत वाटले गेले. काहींची रवानगी थेट हैदराबादकडे झाली. वरंगळच्या नातलगांसाठी मुलाखत म्हणजे अख्ख्या दिवसाची मजुरी बुडवणे.

गोव्यात नवे कारागृह आधी तयार होते आणि दोन्ही जागा बारदेश या एकाच तालुक्यात आहेत. तिथे खरा प्रश्न रिकाम्या इमारतीचा झाला. केंद्राच्या निधीतून डागडुजी होऊन १९ डिसेंबर २०२१ रोजी तिथे संग्रहालय खुले झाले. मुक्तिलढ्यातल्या नेत्यांच्या कोठड्या आता पर्यटकांना दाखवतात. पण देखभाल खासगी हाती सोपवण्याला स्वातंत्र्यसैनिकांनी विरोध केला आणि तो रास्त होता. ज्या बराकींत त्यांचे सोबती कोंडले गेले, त्यांचे पुढे काय करायचे हे त्यांना विचारायला हवे होते, तेही कैद्यांची शेवटची गाडी कोलवाळला निघण्याआधी.