सेल लाइन किंवा प्लाझ्मिड मागवताना: पात्रता, एमटीए आणि लागणारी कागदपत्रं

बफर, एन्झाइम, क्षार असे रिएजंट नेहमीच्या मागणीपत्रावर येतात. सेल लाइन (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी), प्लाझ्मिड (जनुकं वाहून नेणारे डीएनएचे छोटे गोल रेणू) किंवा जिवाणूंचे स्ट्रेन (वाण) सहसा तसे मिळत नाहीत. त्यांच्यासाठी मटेरियल ट्रान्सफर ॲग्रीमेंट (एमटीए), म्हणजे असा माल देण्याघेण्याचा करार करावा लागतो. पैसे मंजूर असूनही प्रयोग रखडतो तो अनेकदा या करारावरच्या सहीपायी. म्हणून प्रयोगाची तारीख ठरवण्याआधी कागदांना हात घाला.

अर्ज कोण करू शकतं?

अर्ज व्यक्तीचा नसून संस्थेचा असतो. एटीसीसीसारख्या कल्चर बँका (पेशी आणि जिवाणू साठवून पुरवणाऱ्या संस्था) घरच्या पत्त्यावर माल पाठवत नाहीत. 2004 साली सुरू झालेल्या ॲडजीन या प्लाझ्मिड बँकेत मागणी पीआयच्या, म्हणजे लॅबच्या प्रमुख संशोधकाच्या, नावाशी जोडावी लागते. फॉर्म विद्यार्थ्याने भरला तरी जबाबदारी पीआयची.

सही कोणाची?

एमटीएवर एकट्या पीआयची सही चालत नाही. संस्थेने अधिकार दिलेल्या व्यक्तीची लागते. ना-नफा संस्थांसाठी 1995 पासून यूबीएमटीए हा एमटीएचा ठरावीक मसुदा आहे. दोन्ही संस्थांनी तो आधीच स्वीकारलेला असेल तर प्रत्येक देवाणघेवाणीला फक्त छोटं अंमलबजावणी पत्र पुरतं. तेव्हा टेक ट्रान्सफर ऑफिसला (असे करार हाताळणाऱ्या संस्थेतल्या विभागाला) पहिला प्रश्न हाच विचारा: आपली संस्था यूबीएमटीएत आहे का? कलमांवरची घासाघीस त्यामुळे टळते.

सही झाली की कपाटात ठेवून देण्याचा हा कागद नव्हे. शेजारच्या लॅबने एखादी व्हायल (पेशींची छोटी कुपी) मागितली तर परस्पर देता येत नाही. तुम्ही वाढवलेल्या पुढच्या पिढीच्या पेशीसुद्धा करारानुसार मूळ मटेरियलच्याच हिशेबात येतात. माणसांवर वापर करायला मनाई असते. हे लॅबमध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

सोबत काय जोडायचं?

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे जैवसुरक्षा समितीचं मंजुरीपत्र. त्यात जैवसुरक्षा पातळी (1 ते 4; आकडा मोठा तितका धोका जास्त) अचूक हवी. हॅमस्टरच्या सीएचओ पेशी पातळी 1 च्या, पण हेला आणि एचईके293 या मानवी पेशी पातळी 2 च्या. हेलामध्ये एचपीव्ही-18 चे, तर एचईके293 मध्ये ॲडिनोव्हायरस 5 चे, म्हणजे विषाणूंचे, डीएनए तुकडे असतात. पेशी निरोगी दिसतात म्हणून पातळी 1 लिहून मोकळं होऊ नका.

माल परदेशातून येणार असेल तर आयात परवाना पाहा. सीरमसारख्या प्राणिजन्य मालाला सहसा पशुवैद्यकीय आरोग्य प्रमाणपत्रही मागतात. दुसऱ्या देशातल्या निसर्गातून गोळा केलेला नमुना असेल, तर 2014 पासून लागू असलेल्या नागोया प्रोटोकॉलनुसार (जैविक संसाधनांच्या वापराबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) त्या देशाची पूर्वसंमती लागू शकते.

पार्सल निघण्याआधी

परवाना हातात पडल्याशिवाय माल रवाना करू नका, असं पुरवठादाराला लेखी कळवा. उणे 78.5 अंशांचा ड्राय आइस कस्टम्समध्ये थांबत नाही, तो उडून जातो. इन्व्हॉइसवर ‘नमुना’ एवढंच न लिहिता काय आहे, संसर्गजन्य आहे की नाही आणि संशोधनासाठीच आहे, हे स्पष्ट लिहायला सांगा. ड्राय आइस असेल तर खोक्यावर यूएन1845 हवं. बी वर्गाचा संसर्गजन्य माल असेल तर यूएन3373.

व्हायल हाती येताच द्रव नायट्रोजनच्या वाफेत ठेवा किंवा लगेच कल्चर सुरू करा. मायकोप्लाझ्मा (पेशींना नकळत दूषित करणारे जिवाणू) चाचणी होईपर्यंत ती इतर पेशींपासून वेगळी ठेवा. लॉट नंबर आणि एमटीएची प्रत एकाच फाइलमध्ये लावा. शोधनिबंधात मटेरियल कुठून आलं ते नमूद करताना दोन्ही लागतात.