टॉवेलवरील डीटीजी छपाई

तयार टॉवेलवर संगणकातील नक्षी, नाव किंवा छायाचित्र शाईच्या सूक्ष्म थेंबांनी थेट उमटवण्याची पद्धत. ‘डायरेक्ट टू गार्मेंट’ या नावाचे डीटीजी हे लघुरूप आहे. साचा, स्क्रीन किंवा ट्रान्सफर कागद लागत नसल्याने एखादाच नग छापणेही परवडते आणि प्रत्येक नगावर वेगळे नाव घालता येते. यंत्राची घडण मात्र टी-शर्टच्या सपाट विणीसाठी झालेली आहे. टॉवेल हा त्याचा दुय्यम आणि बराच अवघड उपयोग होय.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठून धरावा याविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार अमेरिकेतील मॅथ्यू ऱ्होम यांनी १९९६ मध्ये पेटंटसाठी केलेला अर्ज हा आरंभबिंदू होय; ते पेटंट २००० मध्ये मंजूर झाले. दुसरे मत गालिच्यांकडे बोट दाखवते. मिलिकन या अमेरिकन कंपनीने साधारण १९७० च्या दशकात ‘मिलिट्रॉन’ यंत्रणेद्वारे गालिच्यांवर रंगाचे नियंत्रित फवारे मारून नक्षी काढण्यास सुरुवात केली होती. नक्षीची सुस्पष्टता आजच्या मानाने ढोबळ होती. तरीही कापडावर, तेही उभ्या लवेच्या पृष्ठावर, साच्याविना रंग सोडण्याची कल्पना तेथे व्यवहारात आली होती, असा या मताचा आधार आहे. तथापि गालिच्यांच्या यंत्रणेत पातळ रंग लवेच्या मुळापर्यंत भिनवला जातो, तर डीटीजीत रंगद्रव्य वरच्या थरात राहून बंधकाने (रंग धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याने) धाग्याला चिकटते. तयार नग चौकटीवर पसरून त्यावर शाईचे छापमुख फिरवण्याची रचनाही वेगळी आहे. त्यामुळे तंत्राच्या दृष्टीने पहिले मत अधिक ग्राह्य वाटते. दुसऱ्याचे महत्त्व पूर्वपीठिकेपुरते. ही यंत्रे बाजारात खऱ्या अर्थाने स्थिरावली ती २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास. ब्रदर कंपनीचे ‘जीटी-५४१’ हे २००५ च्या सुमाराचे, तर एप्सनचे ‘शुअरकलर एफ-२०००’ हे २०१३ चे. टॉवेलवरील वापर या स्थिरावण्यानंतरचाच मानावा लागतो.

पृष्ठाचा प्रश्न : टर्किश टॉवेलात तळाच्या ताण्याखेरीज (उभ्या धाग्यांखेरीज) एक सैल ताणा असतो. ठरावीक बाण्याचे (आडवे) धागे एकदम ठोकले की हा सैल ताणा वर उचलला जाऊन लूप (धाग्याचे उभे वेढे) तयार होतात. पाणी शोषण्याचे काम मुख्यतः हे लूप करतात आणि छपाईत अडथळाही तेच आणतात. इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या यंत्रात दोन ठिपक्यांच्या केंद्रांतील अंतर सुमारे ०.०४ मिमी. असते, लुपाचा धागा त्याच्या कितीतरी पट जाड असतो. म्हणून यंत्राच्या जाहिरातीतील सुस्पष्टतेचे आकडे टॉवेलच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरतात. थेंब लुपाच्या माथ्यावर पडतो, बगल व तळ कोरे राहतात. नुकताच छापलेला टॉवेल सपाट ठेवला तर चित्र भरगच्च दिसते. तोच दुमडला किंवा त्यावरून उलट दिशेने हात फिरवला की लूप कलंडतात आणि मधून मूळ रंग डोकावतो. बारीक अक्षरे आणि एकेरी रेषा तुटतात, जाड ठसठशीत आकृती तग धरतात.

यावर प्रचलित उपाय दोन. छपाईपूर्वी हीट प्रेसने (तापलेल्या दाबयंत्राने) लूप दाबून बसवतात. त्यामुळे पृष्ठ काही काळ सपाट राहते. छापमुख आणि कापड यांत जेमतेम काही मिलिमीटरचे अंतर असल्याने उभा राहिलेला एखादा धागा मुखाला घासून छिद्रे बुजवतो. तो धोकाही दाबल्याने टळतो. दुसरा उपाय टॉवेलच्या निवडीचा. एका बाजूचे लूप कातरून मखमलीसारखे केलेले ‘व्हेलूर’ टॉवेल छपाईला अधिक अनुकूल असतात, म्हणून छापील समुद्रस्नानाचे टॉवेल बहुधा याच जातीचे असतात. फक्त नाव किंवा बोधचिन्ह हवे असल्यास कडेजवळची लूपविरहित विणीची पट्टी सर्वांत सोयीची.

शाई व प्रक्रिया : शाई पाण्यावर आधारित असून तिच्यात रंगद्रव्य व बंधक बहुवारिक (पॉलिमर) असते. फिकट सुती टॉवेलवर ती थेट छापता येते. गडद टॉवेलवर आधी टिटॅनियम डाय-ऑक्साइडयुक्त पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि त्यासाठी कापडावर पूर्वसंस्करणाचा द्रव फवारतात. त्यातील कॅल्शियमसारखे क्षार पांढऱ्या शाईला जागीच गोठवतात, नाहीतर ती धाग्यात मुरून नाहीशी होते. टॉवेल हा द्रव स्पंजासारखा पितो, त्यामुळे तो जास्त लागतो. नव्या टॉवेलवर मऊपणासाठी दिलेले सिलिकोनचे संस्करण असल्यास द्रव नीट पसरत नाही; असा टॉवेल आधी धुऊन घेणे इष्ट.

छपाईनंतर साधारण १६० अंश से. तापमानाला शाई पक्की करतात. जाड कापडातील ओल निघेपर्यंत बंधकाला पुरेशी उष्णता पोहोचत नाही, म्हणून येथे टी-शर्टपेक्षा जास्त वेळ द्यावा लागतो. अर्धवट पक्की झालेली शाई पहिल्याच धुण्यात फिकटते.

मर्यादा : बंधकाचा पापुद्रा छापलेल्या भागात पाणी शोषण्याची क्षमता कमी करतो आणि स्पर्श काहीसा कडक होतो. मोठ्या आकाराची, विशेषतः पांढरा थर असलेली छपाई टॉवेलच्या मूळ कामालाच मारक ठरते. हा दोष यंत्राच्या वर्णनांत सहसा दुर्लक्षिला जातो. टॉवेल ओला असतानाच घासला जातो, म्हणून त्याचा रंगपक्केपणा तपासताना आयएसओ १०५-एक्स१२ या मानकातील कोरड्या घर्षणापेक्षा ओल्या घर्षणाची कसोटी अधिक अर्थपूर्ण होय. रंगद्रव्यांचा ओल्या घर्षणातील टिकाव सामान्यतः कमीच असतो.

नेहमीच्या यंत्राचे छपाईक्षेत्र सुमारे ४० × ५० सेंमी. असते. त्यामुळे अंघोळीच्या मोठ्या टॉवेलवर एका वेळी एखादा भागच छापता येतो. अखंड पृष्ठाची छपाई कारखान्यात प्रतिक्रियाशील रंजकांनी करतात. हे रंजक सुताशी रासायनिक बंध जोडतात, वाफेने बसवले जातात आणि उरलेला रंग धुऊन काढला जातो. शोषणक्षमता बऱ्याच अंशी शाबूत राहते. पॉलिएस्टरच्या मायक्रोफायबर टॉवेलसाठी सब्लिमेशन ही, उष्णतेने रंगाची वाफ करून तो धाग्यात उतरवण्याची, पद्धत रूढ आहे, पण ती सुतावर चालत नाही.